सोमवारी सकाळीच निकाल देणाऱ्या सिम्पसन्स-चाहत्यांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतले 'द सिम्पसन्स'च्या चाहत्यांचे ग्रुप चालवणारे अ‍ॅडमिन आणि नव्या भागांवर रिअ‍ॅक्शन रील करणारी सगळी मंडळी

सप्रेम नमस्कार.

'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेचा नवा भाग तिकडे फॉक्स वाहिनीवर बहुतेक वेळा रविवारी रात्री ८ वाजता लागतो. न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ. तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तर ५:३०, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ६:३०. भाग संपतो तेव्हा ठाणे-वाशी लोकल भरायला लागलेली असते. गाडी घणसोलीला पोचेपर्यंत फोनवर 'मालिका संपली', 'आता यांना बंद करा', 'पात्रांची वाट लावली' असे निकाल येऊन पडतात. यातले बरेचसे तीस-चाळीस सेकंदांच्या क्लिपवर दिलेले असतात. हे पत्र त्या निकालांबद्दल आहे.

भाग वाईट असेल तर वाईट म्हणा, खणखणीत म्हणा. पण तो पूर्ण बघून म्हणा, आणि असा भाग तयार कसा होतो ते लक्षात ठेवून म्हणा. एवढंच मागणं आहे. यातल्या पहिल्या मागणीला बावीस मिनिटं लागतात. दुसरीसाठी लागणारी माहिती जमेल तेवढी इथे देतो.

सगळ्यात मोठ्या गोंधळापासून सुरुवात करू. १८ मे २०२५ला ३६व्या सीझनचा शेवटचा भाग लागला, 'एस्ट्रेंजर थिंग्ज'. लहानपणी एकत्र बसून 'इची अँड स्क्रॅची' हे कार्टून बघणारे बार्ट आणि लिसा तो कार्यक्रम सोडतात आणि हळूहळू एकमेकांपासून दुरावतात. मग कथा बरीच वर्षं पुढे उडी घेते. तिथे त्यांची आई मार्ज वारलेली आहे. पण तिने मागे ठेवलेल्या निरोपामुळेच ही दोघं भावंडं पुन्हा जवळ येतात. भाग लागला तेव्हा फारशी खळबळ झाली नाही. जूनमध्ये, महिना उलटून गेल्यावर, 'मार्जला मारलं' असे मथळे फिरायला लागले आणि ज्यांनी भाग बघितलाच नव्हता त्यांनी श्रद्धांजलीच्या पोस्ट टाकल्या. शेवटी कार्यकारी निर्माते मॅट सेलमन यांना सांगावं लागलं की मालिकेतले भविष्यातले भाग म्हणजे कल्पनेच्या भराऱ्या आहेत आणि प्रत्येक वेळी त्या वेगळ्या असतात.

ही सबब मागाहून शोधलेली नाही. मार्च १९९५च्या 'लिसाज वेडिंग'मध्ये २०१० साल दाखवलं आहे. मार्च २०००च्या 'बार्ट टू द फ्यूचर'मध्ये लिसा राष्ट्राध्यक्ष आहे. डिसेंबर २०११च्या 'हॉलिडेज ऑफ फ्यूचर पास्ट'मध्ये तिसरंच भविष्य आहे. ही भविष्यं एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळावीत असा कुणाचा आग्रहही नव्हता. हॅलोविनच्या 'ट्रीहाउस ऑफ हॉरर' भागांचं तसंच. तिथे सगळं कुटुंब मरतं आणि पुढच्या आठवड्यात सोफ्यावर येऊन बसतं.

म्हणून एखादं पात्र गेल्याची क्लिप आली तर आधी बघायचं की प्रसंग कथेच्या वर्तमानातला आहे का. वर्तमानातला असेल आणि भाग हॅलोविनचा नसेल, तर मृत्यू बहुधा कायमचा. लिसाचा आवडता सॅक्सोफोनवादक ब्लीडिंग गम्स मर्फी १९९५मध्ये गेला. शेजारीण मॉड फ्लँडर्स फेब्रुवारी २०००मध्ये गेली. ऑक्टोबर २०१३मध्ये मार्सिया वॉलेस यांचं निधन झालं तेव्हा त्यांच्या आवाजातल्या, बार्टच्या शिक्षिका एडना क्रॅबॅपल बाईंनाही मालिकेने निरोप दिला, दुसरा आवाज शोधला नाही. आणि २१ एप्रिल २०२४च्या 'क्रिमेन्स ऑफ द डे'मध्ये मोच्या बारमधला लॅरी गेला.

लॅरीवरच्या प्रतिक्रिया मुद्दाम आठवून बघा. पस्तीस वर्षं पाठीमागे गुपचूप बसलेलं पात्र मारलं म्हणून काही जण हळहळले, तर 'लॅरीला ओळखत होतं कोण, त्याच्यावर अख्खा भाग कशाला?' असं काहींनी विचारलं. त्या भागाची गोष्टच ती आहे. बार्ट-लिसाचे वडील होमर, बारमालक मो आणि मित्र लेनी व कार्ल त्याची राख घेऊन निघतात, आणि रोज शेजारी बसणाऱ्या या माणसाबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं हे त्यांना वाटेत कळत जातं. बातमीचा मथळा वाचून विचारलेला प्रश्न लेखकांनी आधीच विचारून ठेवला होता. भाग न बघता केलेली तक्रार अशी वाया जाते.

भाग पूर्ण बघा म्हणण्याचं आणखी एक कारण रचनेत आहे. सिम्पसन्सचा पहिला अंक बऱ्याचदा भलत्याच गोष्टीने सुरू होतो. जानेवारी १९९३चा 'मार्ज व्हर्सेस द मोनोरेल' घ्या. सुरुवातीला अणुवीज प्रकल्पाचे मालक मिस्टर बर्न्स अणुकचरा नको तिथे टाकताना पकडले जातात आणि त्यांना तीस लाख डॉलरचा दंड होतो. या पैशांचं काय करायचं यावर गावाची सभा भरते, आणि तिथून मोनोरेलची गोष्ट सुरू होते. आजच्या पद्धतीने पहिल्या पाच मिनिटांची क्लिप फिरली असती तर 'पुन्हा बर्न्सचा घोटाळा, तेच ते' असा निकाल लागला असता. गडकरी रंगायतनला पहिला अंक बघून घरी गेलेल्याला नाटक कसं झालं हे कुणी विचारत नाही.

आता भाग तयार कसा होतो ते. हे नीट कळलं की निम्म्या अफवा आपोआप गळून पडतात. कल्पना ठरली की एक लेखक पहिला खर्डा लिहितो. त्यानंतर सगळे लेखक एका खोलीत बसून ओळ न् ओळ पुन्हा लिहितात. म्हणून श्रेयनामावलीत नाव एकाचं असलं तरी विनोद अनेकांचे असतात, आणि एखादा विनोद आवडला नाही म्हणून त्या एका नावाला झोडपणं चुकीचं आहे. मग टेबल रीड होतं. कलाकार संहिता मोठ्याने वाचतात आणि हशा कुठे आला, कुठे नाही, हे लेखक टिपून ठेवतात. पुन्हा बदल होतात, आणि आवाज ध्वनिमुद्रित होतात. आवाज आधी आणि चित्रं नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. त्या आवाजांवर स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांच्या चित्रांची मालिका, बनतो आणि त्यातून अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे काळ्या-पांढऱ्या कच्च्या रेखाटनांची हलती आवृत्ती. ती बघून परत लेखन होतं. बरेच विनोद याच टप्प्यावर जन्माला येतात किंवा मरतात. मग काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओकडे जातं. एकॉम हे त्यातलं जुनं नाव. तिथून रंगीत आवृत्ती आल्यावर जिथे जमेल तिथे दुरुस्त्या, आणि शेवटी संगीत व ध्वनिमिश्रण. लेखनापासून प्रक्षेपणापर्यंत साधारण नऊ महिने ते वर्षभर जातं.

शेवटच्या घटकेला बदल होतच नाहीत असं नाही. पात्र पाठमोरं असेल किंवा तोंड दिसत नसेल तर संवाद बदलता येतो, कारण ओठांची हालचाल नव्याने काढावी लागत नाही. भागाच्या सुरुवातीला बार्ट फळ्यावर लिहितो ते वाक्य बदलणंही सोपं आहे. अख्खा प्रसंग बदलणं मात्र महाग आणि वेळखाऊ. त्यामुळे 'मागच्या आठवड्यात चाहते चिडले, म्हणून त्यांनी हा भाग केला' असा तर्क दिसला की पुढे वाचू नका.

भाग ज्या क्रमाने बनतात त्याच क्रमाने लागतात असंही नाही. मालिकेचा पहिला बनलेला भाग 'सम एन्चांटेड ईव्हनिंग', निर्मिती क्रमांक (भाग बनवताना दिलेला क्रमांक) ७जी०१. त्याचं अ‍ॅनिमेशन इतकं बिघडून आलं की जवळपास ७० टक्के काम पुन्हा करावं लागलं, आणि तो १३ मे १९९०ला पहिल्या सीझनच्या अखेरीस लागला. १७ डिसेंबर १९८९ला मालिका सुरू झाली ती 'सिम्पसन्स रोस्टिंग अ‍ॅन ओपन फायर' या नाताळच्या भागाने, ७जी०८ने. एका सीझनसाठी बनलेले भाग पुढच्या सीझनमध्ये लागणं नेहमीचं आहे. 'या दोन भागांत मार्जचं वागणं का बदललं?' यावर लांब सिद्धांत मांडण्याआधी निर्मिती क्रमांक बघा. बऱ्याचदा ते दोन भाग वेगवेगळ्या वेळी लिहिलेले निघतात.

कोणत्या काळात सूत्रं कुणाकडे होती हेही प्रतिक्रियेत यायला हवं. तिसरा-चौथा सीझन अल जीन आणि माइक रीस, पाचवा-सहावा डेव्हिड मिर्किन, सातवा-आठवा बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन, नववा ते बारावा माइक स्कली, तेराव्यापासून पुन्हा अल जीन, आणि ३३व्या सीझनपासून, म्हणजे २०२१पासून, बहुतेक भाग मॅट सेलमन यांच्या देखरेखीखाली. 'वीस वर्षांपासून सगळं सारखंच वाईट' म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२२चा 'पिक्सलेटेड अँड अफ्रेड' बघावा. होमर आणि मार्ज बर्फाळ रानात अडकतात, बाकी जवळजवळ कुणी नाही. दोघांच्या लग्नावर इतकं हळुवार लिहिलेलं सुरुवातीच्या सीझनांतही फार थोडं सापडतं. नव्या काळातलं सगळं असं नाही हेही खरं. काही भाग पाहुण्या कलाकाराच्या ओझ्याखाली वाकतात, काही शेवटच्या दोन मिनिटांत गोष्ट गुंडाळतात. अशी टीका करा, ती उपयोगाची आहे.

'सुवर्णकाळ' हा शब्द वापरताना मात्र तुलना सरळ हवी. पहिल्या आठ सीझनचे मिळून १७८ भाग आहेत. आपल्याला आठवतात त्यातले उत्तम तीस-चाळीस. त्याच १७८मध्ये जुन्या भागांचे तुकडे जोडून केलेले भागही आहेत, एक एप्रिल १९९३मधला, एक सप्टेंबर १९९४मधला. परवाच्या भागाची तुलना 'मोनोरेल'शी केली तर तो हरणारच. त्या काळातल्या सामान्य भागाशी तुलना करून बघा आणि मग काय वाटतं ते लिहा. चाहत्यांचा राग तेव्हाही होताच. सप्टेंबर १९९७मध्ये प्राचार्य स्किनर हा खरा स्किनर नाहीच असं दाखवणारा 'द प्रिन्सिपल अँड द पॉपर' लागला, तेव्हा स्किनरला आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीच त्यावर कडक टीका केली. ती टीका आजही वाचली जाते, कारण तिच्यात कारण आहे: इतकी वर्षं प्रेक्षकांनी ज्या पात्रात जीव गुंतवला ते पात्र एका भागासाठी खोटं ठरवलं.

याउलट उदाहरण होमरने चिडून बार्टचा गळा धरण्याच्या नेहमीच्या विनोदाचं. २२ ऑक्टोबर २०२३च्या 'मॅकमॅन्शन अँड वाइफ'मध्ये होमर एका हस्तांदोलनानंतर म्हणतो की आता मी तसं करत नाही, काळ बदललाय. विनोदाच्या ओघातली एक ओळ. दोन आठवड्यांनी तिचं 'मालिकेने गळा धरणं बंद केलं' असं धोरण झालं, आणि निर्माते जेम्स एल. ब्रुक्स यांना काहीही बदललेलं नाही असा खुलासा करावा लागला. एका पात्राची एक ओळ म्हणजे निर्मात्यांचं निवेदन नव्हे. रीलच्या शीर्षकात 'आता कायमचं बंद' लिहिण्याआधी त्या ओळीच्या आधीची आणि नंतरची तीस सेकंदं तरी ऐका.

बघायच्या पद्धतीबद्दल थोडं, कारण 'विनोदच नव्हता' या तक्रारींपैकी काही चित्र कापल्यामुळे होतात. फेब्रुवारी २००९पर्यंतचे भाग ४:३ (रुंदी:उंची) चौकटीत आहेत, त्यानंतरचे १६:९. आजचे बरेच फोन २०:९ असतात. दोन बोटांनी ताणून पडदा भरला की १६:९ चित्राची २० टक्के उंची जाते, आणि जुन्या ४:३ चित्राची थेट ४० टक्के. दुकानांच्या पाट्या आणि चर्चबाहेरचा फलक यांचा मजकूर अशाने सहज कापला जातो. नोव्हेंबर २०१९मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा जुने भाग रुंद करून दाखवले होते. डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय या तिन्ही बिअर एकाच नळीतून येतात हा विनोद त्यात नळीसकट गायब झाला. चाहत्यांनी नेमकी दृश्यं दाखवून तक्रार केली आणि मे २०२०मध्ये मूळ चौकट परत मिळाली. नेमकी तक्रार कामाला येते याचं हे ठोस उदाहरण आहे.

उभ्या रीलमध्ये तर १६:९ चित्राच्या रुंदीचा जेमतेम एक-तृतीयांश भाग दिसतो. म्हणजे बोलणारा दिसतो, पण ज्याच्या चेहऱ्यावर विनोद आहे तो चौकटीबाहेर असतो. त्यात क्लिप १.२५ पट वेगाने चालवली की एका सेकंदाचा थांबा ०.८ सेकंद होतो, आणि या मालिकेतले कितीतरी विनोद त्या थांब्यातच आहेत. भाग अधिकृत ठिकाणी, मूळ इंग्रजी आवाजात, मूळ वेगाने आणि सबटायटल लावून बघा. सबटायटलमुळे मागच्या गर्दीतली पुटपुटही हाती लागते. पहिल्यांदा न थांबता बघा, पाट्या वाचायला दुसऱ्यांदा बघा.

'सिम्पसन्सने आधीच सांगितलं होतं' हे फॉरवर्डही प्रतिक्रियांमध्येच मिसळून येतात. सरकत्या जिन्यावरून उतरणाऱ्या ट्रम्प यांचं चित्र २००० सालचं म्हणून फिरतं. ते सिम्पसन्सच्याच जुलै २०१५च्या लघुपटातलं आहे, आणि ट्रम्प प्रत्यक्षात त्या जिन्यावरून उतरले ते जून २०१५मध्ये. २०००च्या भागात ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्याचा फक्त उल्लेख आहे. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. भागाचं नाव, सीझन आणि तारीख दिलेली नसेल तर चित्र पुढे पाठवू नका. १९९३चं म्हणून आलेलं चित्र रुंद आणि काचेसारखं स्वच्छ असेल तर संशय घ्या; तेव्हाचे भाग हाताने रंगवलेल्या सेलवर (पारदर्शक फिल्मवर) आणि चौकोनी चौकटीत होते, संगणकावरचं रंगकाम कायमचं आलं ते २००२ला, १४व्या सीझनपासून. आणि हात बघा. सिम्पसन्सच्या पात्रांना अंगठा धरून चार बोटं असतात. पाच बोटं फक्त देवाला.

आवाजांबद्दल एक कळकळीची विनंती. मार्जचा आवाज थकला यावर आता प्रत्येक भागानंतर थट्टा होते. जूली कॅव्हनर यांचा जन्म १९५०चा आहे आणि १९८७पासून त्याच मार्जचा आवाज आहेत. फरक जाणवतो हे लिहा, पण थट्टा नको. बार्टचा मित्र मिलहाउस याचा आवाज वेगळा वाटतो तो खरंच वेगळा आहे. पामेला हेडन २०२४मध्ये निवृत्त झाल्या आणि केली मॅक्लाउड आल्या. संगीतही बदललंय. १९९०पासून आल्फ क्लॉसन यांचं होतं, २०१७नंतर ब्लीडिंग फिंगर्स या चमूचं. असं नाव आणि साल दिलं की तक्रार वाचणाऱ्यालाही काही मिळतं.

अपू या मालिकेतल्या भारतीय दुकानदाराबद्दल आपण जास्त लिहायला हवं, आणि नेमकं तेच होत नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये भारतीय वंशाचे अमेरिकी विनोदकार हरी कोंडाबोलू यांचा अपूवरचा माहितीपट आला. एप्रिल २०१८च्या भागात लिसाच्या तोंडून त्याला झटकून टाकल्यासारखं उत्तर आलं. जानेवारी २०२०मध्ये अपूला आवाज देणारे गोरे कलाकार हँक अझारिया यांनी तो आवाज सोडला, आणि जूनमध्ये मालिकेने जाहीर केलं की गोरे नसलेल्या पात्रांना यापुढे गोरे कलाकार आवाज देणार नाहीत. आपल्या ग्रुपांमध्ये यावर 'उगाच बाऊ' किंवा 'हकालपट्टी करा' एवढंच वाचायला मिळतं. कोपरखैरणेत वाढलेल्या मुलाला अपूचा उच्चार फक्त विचित्र वाटतो. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत त्याच उच्चारावरून चिडवलं गेलं. त्याच वेळी अपू हा गावातल्या मोजक्या कष्टाळू, शिकलेल्या माणसांपैकी एक आहे, त्याच्यावर प्रेमाने लिहिलेले भाग आहेत. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून भारतातल्या प्रेक्षकाने लिहिलेलं फार कमी आहे. नवा भाग लागला आणि अपू मागच्या गर्दीत नुसता उभा दिसला, तर त्यावर मराठीत चार परिच्छेद लिहा. ते वाचायला आम्ही आतुर आहोत.

अ‍ॅडमिन मंडळींना थेट मागणी. भाग लागल्यापासून गुरुवार रात्रीपर्यंत मुख्य ग्रुपवर क्लिप, पोस्टर आणि शेवट सांगणारे मथळे बंद ठेवा. ज्यांना लगेच बोलायचं आहे त्यांच्यासाठी भागाच्या नावाने वेगळा ग्रुप उघडा. पहिल्या संदेशात भागाचं नाव, सीझन आणि क्रमांक, लेखक, दिग्दर्शक आणि निर्मिती क्रमांक पिन करा. प्रतिक्रिया देणाऱ्याने पहिल्याच ओळीत सांगावं की भाग पूर्ण बघितला की क्लिप. क्लिपवरची प्रतिक्रिया काढून टाकू नका, फक्त तिच्यावर तसं लिहिलेलं असू द्या. रील करणाऱ्यांनी भागाचं नाव पडद्यावर ठेवावं, मथळ्यात शेवट उघड करू नये, आणि एक जमलेला व एक फसलेला प्रसंग कारणासह सांगावा. फसला असेल तर कुठे, हेही सांगा: कल्पनेत, संवादात, की मुख्य गोष्ट आणि उपकथा एकमेकींना भेटल्याच नाहीत त्यात.

एप्रिल २०२५मध्ये मालिकेला आणखी चार सीझनची मंजुरी मिळाली आहे, म्हणजे ४०व्या सीझनपर्यंत भाग येत राहणार. नवा सीझन साधारण सप्टेंबरअखेरीस सुरू होतो. तेव्हा तिकडे उन्हाळी वेळ असते, म्हणून पहिला भाग आपल्याकडे सोमवारी ५:३०ला. त्याच्या आदल्या रात्री हे नियम ग्रुपवर लावून ठेवा.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतले काही जुने प्रेक्षक